नाका, गाळा आणि महाजाल : डिलाईल रोडच्या आधारे एक विचार

महाजालाचा समाजावर काय परिणाम झाला, हा प्रश्न आता आपल्या विद्यापीठांतून समाजशास्त्र, संज्ञापन, विधी, ग्रंथालयशास्त्र अशा अनेक विभागांत विचारला जातो. मराठीचे विभागही ह्या विषयाकडे वळू लागले आहेत. ह्या चर्चेत एक विधान जवळजवळ गृहीतासारखे येते : महाजालामुळे शेजार विरला, माणसे समोरासमोर बोलेनाशी झाली आणि मौखिक व्यवहाराची जागा पडद्यावरील मजकुराने घेतली. विधान इतके सवयीचे झाले आहे की त्यातील ‘मुळे’ हे शब्दयोगी अव्यय कोणी तपासून पाहात नाही. प्रस्तुत निबंधात ते एका रस्त्यापुरते तपासून पाहावयाचे आहे. तो रस्ता म्हणजे सात रस्त्याकडून लोअर परळकडे जाणारा डिलाईल रोड.

महाजालाच्या अभ्यासाला आंतरविद्याशाखीय म्हणण्याची प्रथा कोठून आली, हे प्रथम पाहणे उचित ठरेल. टिम बर्नर्स-ली ह्यांनी जिनिव्हाजवळील सर्न ह्या संशोधनसंस्थेत १९८९ साली महाजालाचा प्रस्ताव मांडला, तेव्हा तो माहितीच्या व्यवस्थापनाचा प्रश्न होता. पुढे ऑक्सफर्ड विद्यापीठात २००१ साली इंटरनेटच्या सामाजिक अभ्यासासाठी स्वतंत्र संस्था निघाली. २००६ मध्ये एमआयटी आणि साउदॅम्प्टन विद्यापीठ ह्यांनी मिळून ‘वेब सायन्स’ ह्या नावाने संशोधनाचा उपक्रम आरंभिला. त्यात बर्नर्स-ली ह्यांच्यासमवेत वेंडी हॉल, नायजेल शॅडबोल्ट प्रभृती होते. महाजाल अभियंत्यांनी घडविले असले तरी त्याचे रूप कोट्यवधी माणसांच्या वागण्यातून ठरते. म्हणून संगणकशास्त्राबरोबर समाजशास्त्र, अर्थशास्त्र आणि विधी ह्यांनीही त्याकडे एकत्र पाहिले पाहिजे, अशी त्यामागील भूमिका होती. भूमिका रास्तच आहे. मात्र ज्या शास्त्रांना त्यात अग्रमान मिळाला त्यांत साहित्याभ्यास नव्हता, आणि ह्यात दोष सर्वस्वी त्यांचाच होता असे मला वाटत नाही. संहिता वाचण्याचा आपला शतकभराचा सराव आपणच कविता-कादंबरीपुरता राखून ठेवला होता.

मुंबईत ह्या विषयाला जे महत्त्वाचे पुस्तक लाभले त्याच्या नावातच आपल्या परिसराचा एक शब्द आहे. टाटा सामाजिक विज्ञान संस्थेत दीर्घकाळ अध्यापन केलेले अंजली मोंतेरो आणि के. पी. जयशंकर तसेच लंडनचे अमित राय ह्यांनी संपादित केलेला ‘डिजिनाका’ हा इंग्रजी ग्रंथ २०२० साली प्रसिद्ध झाला. अंकीय माध्यमे आणि वंचितांचे राजकारण ह्यांचा वेध घेणाऱ्या ह्या ग्रंथाला ‘नाका’ हा शब्द घ्यावासा वाटला, ही गोष्ट सूचक आहे. पण रूपक उचलताना रूपकाचे मूळ काय होते, हे विचारण्याचे काम मराठीच्या अभ्यासकाचे आहे.

डिलाईल रोडवरील नाका ही हौसेची जागा नव्हती. ती गरज होती. ह्या रस्त्यावर बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने १९२०च्या दशकात बांधलेल्या बत्तीस चाळी होत्या. प्रत्येक चाळ तळमजला अधिक तीन मजल्यांची, तीत ऐंशी खोल्या, आणि खोली सुमारे १६० चौरस फुटांची. म्हणजे केवळ ह्या एका वसाहतीत अडीच हजारांवर बिऱ्हाडे. अशा खोलीत कुटुंब राहात असे, किंवा पाळीप्रमाणे झोपणारे अनेक पुरुष. एक पाळी कामावर गेली की तिच्या वळकटीच्या जागी दुसरी पाळी आडवी होई. जागे असणाऱ्याने बाहेर राहावयाचे, एवढाच त्याचा अर्थ. राजनारायण चंदावरकर ह्यांनी मुंबईच्या कामगारवर्गाचा इतिहास लिहिताना गिरणीच्या फाटकाइतकेच महत्त्व मोहल्ल्याला दिले, ते ह्याच कारणाने. नोकरीची खबर, उधारी, भांडणाचा निवाडा, संपाची हाक हे सारे नाक्यावर घडे. आणि नाक्याला स्वतःची लिखित संहिता होती : फळा. सभेची सूचना, निधनवार्ता, मंडळाच्या वर्गणीचा हिशेब, विरोधी पक्षाला मारलेला टोमणा, हे सर्व खडूने लिहिले जाई आणि दुसऱ्या दिवशी पुसले जाई. येणाऱ्या-जाणाऱ्या कोणालाही तो वाचता येई. लिहिणारा कोण, हेही बहुधा ठाऊक असे.

नाक्याच्या जोडीला दुसरी जागा होती ती गावकरी मंडळाच्या खोलीची, म्हणजे गाळ्याची. रत्नागिरी, सातारा, कोल्हापूर अशा भागांतील एकेका गावच्या मंडळींनी मिळून घेतलेली खोली. कोपऱ्यात पेट्या, भिंतीवर ग्रामदेवतेची तसबीर, भाड्याच्या वाट्याचे नियम, आणि सभांचे इतिवृत्त लिहिलेली वही. येथे बाहेरच्याला प्रवेश नव्हता. गावचे पत्र येथे मोठ्याने वाचले जाई, आणि मनीऑर्डरच्या कुपनावरील चार ओळींत येथल्याच मजकुराचा सारांश गावी जाई. तेव्हा शब्द आणि स्थळ ह्यांची फारकत महाजालाने प्रथम घडवून आणली, हे म्हणणे गिरणगावापुरते तरी टिकत नाही. गिरणी कामगाराचे निम्मे भावविश्व पहिल्यापासूनच टपालाने जात-येत होते.

येथे संकल्पनेची एक काटेकोर फोड आवश्यक आहे. ती न केल्याने आपल्याकडील बरेचसे लेखन ढिले पडते. आंतरजाल म्हणजे जोडलेल्या यंत्रांचे जाळे. महाजाल म्हणजे त्या जाळ्यावर उभी असलेली, पत्ता असलेल्या आणि एकमेकींकडे दुवा देणाऱ्या पानांची रचना. व्हॉट्सॲपचा गट आंतरजालावर चालतो, पण तो ह्या अर्थाने महाजाल नव्हे : त्यातील मजकुराला सार्वजनिक पत्ता नाही, त्याकडे बाहेरून दुवा देता येत नाही, शोधयंत्र तेथे पोचत नाही. आपल्या परिभाषेत सांगावयाचे तर महाजालाचे पान हे फळ्याच्या जातीचे, आणि असा गट गाळ्याच्या जातीचा. जुन्या चाळकऱ्यांचे किंवा एकेका गावच्या मुंबईकरांचे गट हा गावकरी मंडळाचाच पुढचा अवतार होय. वर्गणी, जत्रेची तारीख, मयताची खबर, एकमेकांची चौकशी : विषय तेच, आणि ‘आपल्यातला’ कोण ह्याविषयीची दक्षताही तीच. नाका आणि गाळा ह्यांतील भेद ज्याला ठाऊक नाही तो ह्या दोहोंना ‘समाजमाध्यम’ ह्या एकाच पोत्यात भरतो आणि मग खुल्या पानांवरून काढलेले निष्कर्ष बंद खोलीला लावतो.

अर्थात नाक्याचे गोडवे गातानाही सावध असावे. नाका पुरुषांचा होता. खाणावळ चालविणाऱ्या बाईला त्याची प्रत्येक बातमी ठाऊक असली तरी तेथे उभे राहून बोलण्याची मुभा तिला नव्हती. तिचे क्षेत्र नळ आणि व्हरांडा. जातीचेही तसेच. गिरणीच्या साचेखात्यात अस्पृश्य मानलेल्या कामगारांना मज्जाव होता, कारण धोट्यातील धागा तोंडाने ओढावा लागे, डॉ. आंबेडकरांनी १९२८-२९च्या संपांच्या काळात हा प्रश्न उघडपणे मांडला होता. फाटकाच्या आतली ही विभागणी फाटकाबाहेर आपोआप मावळत नसे. त्यामुळे ‘सर्वांच्या’ नाक्याची तुलना ‘सर्वांच्या’ महाजालाशी करणाऱ्याने दोन्हीकडे अनुपस्थित कोण, हे आधी नोंदवावयास हवे.

आता ‘मुळे’ ह्या अव्ययाकडे येऊ. गिरणगावातील शेजार कशाने मोडला? कालक्रम पुरेसा बोलका आहे. १८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत ह्यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगारांचा संप सुरू झाला. तो औपचारिकपणे कधी संपलाच नाही, आणि फार मोठ्या संख्येने कामगार पुन्हा कामावर गेले नाहीत. १९९१च्या विकास नियंत्रण नियमावलीतील ५८व्या नियमाने गिरण्यांच्या जमिनीचा एकेक तृतीयांश वाटा मोकळ्या जागेसाठी महापालिकेला आणि घरांसाठी म्हाडाला ठेवला होता. २००१च्या दुरुस्तीने ही वाटणी केवळ आधीपासून मोकळ्या असलेल्या जमिनीपुरती उरली, आणि २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती दुरुस्ती वैध ठरविली. २०१७ मध्ये बीडीडी चाळींच्या पुनर्विकासाचे भूमिपूजन झाले. ह्या तारखांशेजारी दुसऱ्या तारखा ठेवून पाहाव्यात. भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सेवा सुरू झाली ती १५ ऑगस्ट १९९५ रोजी, तीही मोजक्या शहरांत आणि सामान्य माणसाला न परवडणाऱ्या दराने. स्वस्त दराची मोबाइल इंटरनेट सेवा मिळू लागली २०१६ नंतर. मोडतोडीचा मोठा भाग त्यापूर्वीच उरकला होता.

ह्याला साहित्याचा पुरावाही आहे, आणि माझ्या मते तो कोणत्याही कोष्टकापेक्षा भारी आहे. जयंत पवार ह्यांचे ‘अधांतर’ हे नाटक १९९७ मधील. संपानंतर गिरणगावातील चाळीत राहणाऱ्या एका कुटुंबाची वाताहत त्यात आहे. माणसे एकाच खोलीत असूनही एकमेकांशी बोलू शकत नाहीत, बोलली की भांडतात, आणि बाहेरचा नाका रोजगाराऐवजी टोळीकडे नेतो. महाजालाने घडविलेली म्हणून आज सांगितली जाणारी सगळी लक्षणे येथे आहेत. नाही ते फक्त महाजाल. हे नाटक वाचलेला विद्यार्थी ‘मुळे’ लिहिण्यापूर्वी क्षणभर तरी थबकेल. उलट दिशेने असे म्हणता येईल की शेजार आधी जमिनीच्या व्यवहाराने मोडला आणि उरलेल्यांनी नंतर दूरध्वनीच्या पडद्यावर आसरा शोधला. विरार, बदलापूर, पनवेल अशा ठिकाणी पांगलेल्या चाळकऱ्यांना गट हाच गाळा झाला. तेव्हा जे परिणाम म्हणून मोजले जाते त्यातील काही भाग वस्तुतः उपाय आहे.

साहित्याभ्यासकाची ह्या संशोधनात आणखी एक बाजू आहे, ती संहिताचिकित्सेची. रस्त्याचे नावच घ्या. अधिकृत नाव ना. म. जोशी मार्ग. नारायण मल्हार जोशी ह्यांनी १९११ मध्ये सोशल सर्व्हिस लीगची स्थापना केली, कामगारवस्तीत रात्रशाळा आणि वाचनालये चालविली, आणि १९२०च्या आयटकच्या स्थापनेत पुढाकार घेतला. म्हणजे ह्या भागातील वाचनव्यवहाराचा इतिहास त्यांच्यावाचून लिहिता येणार नाही. बोलण्यात मात्र रस्ता ‘डिलाईल’च राहिला आहे, आणि लेखनात डिलाईल, डिलाइल, डिलाय्ल अशी रूपे, शिवाय रोमन लिपीतील निराळीच. २०१८ मध्ये बंद होऊन २०२३ मध्ये पूर्णपणे खुल्या झालेल्या पुलाच्या बातम्या जुन्या नावाखाली, सरकारी कागद नव्या नावाखाली. एका नावाने शोध घेणाऱ्याला अर्धाच रस्ता सापडतो.

त्याहून सूक्ष्म अडचण लिपीची आहे. ‘गावकऱ्यांचे’, ‘कामकऱ्यांना’, ‘दुसऱ्या पाळीत’ हे गिरणगावच्या शब्दसंग्रहातील नित्याचे शब्द, आणि तिन्हींत आपला मराठी वैशिष्ट्याचा अर्धा ‘ऱ’ आहे. युनिकोडमध्ये तो दोन रीतींनी साधता येतो : ‘ऱ’ हे स्वतंत्र अक्षर आणि हलन्त वापरून, अथवा साधा ‘र’, हलन्त आणि एक अदृश्य जोडचिन्ह वापरून. डोळ्याला दोन्ही सारखेच दिसतात. यंत्राला ते दोन भिन्न शब्द असतात. हा भेद मिटविण्याची तजवीज नसलेल्या साधनाने शब्दांची वारंवारता मोजणारा संशोधक गावकऱ्यांची संख्याच चुकीची मोजतो. युनिकोडपूर्व टंकांतील मजकुराची अवस्था ह्याहून वाईट : टंक हरवला की पान शिल्लक राहूनही निरर्थक चिन्हांची रास उरते. हस्तलिखितांच्या पाठभेदांत मुरलेल्या आपल्या विद्याशाखेला ह्या अडचणी परक्या वाटू नयेत.

कथनाच्या प्रकारांचा विवेक हे तिसरे अंग. येथे सामग्री खरोखर समृद्ध आहे. नीरा आडारकर आणि मीना मेनन ह्यांनी गिरणगावचा मौखिक इतिहास सांगणारा इंग्रजी ग्रंथ २००४ मध्ये सिद्ध केला. मोंतेरो आणि जयशंकर ह्यांचा ‘साचा’ (२००१) हा माहितीपट नारायण सुर्वे आणि चित्रकार सुधीर पटवर्धन ह्यांच्यासह ह्या परिसरात फिरतो. टाटा संस्थेच्या माध्यम विभागाने ‘गिरण मुंबई’ नावाचा महाजालीय संग्रह उभारला, आणि २००८ पासूनच्या ‘पॅड-मा’ ह्या मुंबईतील संग्रहात चित्रफितींना क्षणाक्षणावर टिपणे जोडता येतात. ह्या सर्वांत एक साम्य आहे : सांगणाऱ्यासमोर विचारणारा बसला आहे. विचारणारा बाहेरचा असल्याने सांगणारा खुलासा करतो. भोंगा म्हणजे काय, बदली कामगार कोणाला म्हणत, हे फोडून सांगतो. चाळकऱ्यांच्या गटातील आठवण ह्याच्या नेमकी उलट असते. ती माहीत असलेल्यांना सांगितलेली असते, म्हणून तिच्यात खुलासा नसतो, केवळ खूण असते. एखाद्या दुकानाचे नाव, एखाद्या मास्तरांचे टोपणनाव एवढेच लिहिले जाते आणि बाकीचे प्रतिसादांतून पूर्ण होते : कोणी दुरुस्ती करतो, कोणी विसरलेले नाव पुरवतो, कोणी जुने भांडण उकरतो. हे अनेककर्तृक कथन आहे. त्याचे वाचन मुलाखतीसारखे केले तर ते तुटक आणि उथळ भासेल. ओवी किंवा लोककथा वाचताना श्रोत्यांचा सहभाग जसा आपण गृहीत धरतो तसे केले तरच त्याची बांधणी उमगेल.

परंतु गाळा हा गाळाच आहे. एखाद्या सदस्याच्या ओळखीने गटात शिरून तेथील मजकूर प्रबंधात उतरविणे म्हणजे परवानगीवाचून इतिवृत्ताची वही उचलून आणणे होय. एकाची संमती पुरत नाही, कारण मजकूर एकाचा नाही. सर्वांना कळवून, नको म्हणणाऱ्याचे लेखन वगळून आणि नावे काढूनच तो वापरता येईल. ह्याने सामग्री थोडी होईल, होऊ द्यावी.

दुसऱ्या बाजूस जतनाचा प्रश्न तातडीचा आहे. १९५४च्या ग्रंथप्रदान कायद्याने छापील पुस्तकांच्या आणि पुढे वृत्तपत्रांच्या प्रती ठरावीक ग्रंथालयांकडे पाठविणे बंधनकारक केले; महाजालावरील पानांना तो लागू नाही. फळ्याप्रमाणेच ही पाने पुसली जातात, फक्त कोणी पुसले ते दिसत नाही. आणि गटातील मजकूर तर एखाद्या निवृत्त कामगाराचा दूरध्वनी बिघडला की त्याच्यापुरता संपतो. संप पाहिलेली पिढी आता सत्तरीच्या पुढे आहे.

म्हणून ह्या विषयावर काम करू इच्छिणाऱ्या विद्यार्थ्याने पडद्यापासून आरंभ करू नये, असे मी सुचवीन. प्रथम ज्या मंडळांच्या खोल्या रिकाम्या होत आहेत त्यांच्या इतिवृत्तांच्या वह्या पाहाव्यात : सभेला हजर असलेल्यांच्या सह्या व अंगठे, दंडाच्या रकमा, ठरावांची भाषा. मंडळाची अनुमती असल्यास त्यांची छायाचित्रे घ्यावीत आणि वही मंडळाकडेच राहू द्यावी. त्यानंतर त्याच मंडळाचा गट असेल तर त्याच्या चालकाला भेटावे. एकाच मंडळाच्या सूचना आधी खडूने, मग वहीत आणि मग पडद्यावर कशा लिहिल्या गेल्या, त्यांतील संबोधने, क्रियापदांचे अर्थ, ‘आपण’ ह्या सर्वनामाचा आवाका कोठे बदलला, एवढी तुलनाही एका लघुप्रबंधाला पुरून उरेल.