राहुलला दाखवलेला आरसा

चि. अमोल यास आत्याचा सप्रेम जयभीम.

तुझा मेसेज वाचला. तपासणी न करताच 'झाली' असं साहेबांना सांगून बसलास आणि आता रोज रात्री स्वतःला बोल लावत जागतोस. पोरा, अशा जागरणाने जीव आंबतो, माणूस सुधारत नाही.

खोटं न बोलण्याचं शील विहारात तू लहानपणापासून घेतोस. बाबासाहेबांच्या २२ प्रतिज्ञांतही ते आहे. ते तुला पाठ आहे. मला बुद्धांच्या मुलाविषयी, राहुलविषयी लिहायचंय.

मज्झिमनिकायात अंबलट्ठिक राहुलोवाद सुत्त आहे. राजगृहाच्या वेळुवनातून बुद्ध संध्याकाळी राहुलकडे जातात. तो आसन मांडतो, पाय धुवायला पाणी ठेवतो. पाय धुऊन झाल्यावर बुद्ध भांड्यात थोडंसं पाणी मुद्दाम ठेवतात आणि विचारतात, दिसतंय का? जाणूनबुजून खोटं बोलायची ज्याला लाज नाही, त्याचं श्रमणपण एवढंसंच. मग ते पाणी फेकतात, भांडं उपडं करतात, पुन्हा सुलटं करून रिकामं दाखवतात. बापाने लेकाला असं शिकवावं, याचं मला फार अप्रूप आहे. भिक्षूंनी आणि उपासकांनी वरचेवर ऐकावेत असे जे उपदेश सम्राट अशोकाने बैराटच्या शिलालेखात सांगितले, त्यात राहुलला केलेला हा उपदेशही आहे.

पुढे आरशाचा दाखला येतो. आरशात पाहावं तसं आपलं कृत्य करण्याआधी, करताना आणि केल्यावर, तिन्ही वेळा पाहायचं: यानं मला, दुसऱ्याला किंवा दोघांनाही त्रास होईल का? आपण बहुतेक शेवटच्याच वेळी पाहतो, तेही अंथरुणाला पाठ टेकल्यावर.

चूक मनातली असेल, तर तिची लाज धरून पुढे सावध राहायचं. पण हातून किंवा तोंडून घडलेली चूक गुरूजवळ वा जाणत्या सोबत्याजवळ उघड करायची, असं बुद्ध सांगतात. कुढत बसायला सांगत नाहीत. कृत्य चांगलं दिसलं तर आनंदात राहा, असंही तिथे आहे, आणि नेमकं तेच लोक विसरतात. रूममेट आजारी होता तेव्हा तू रात्रभर दवाखान्यात बसलास. तुझ्या एवढ्या लांब मेसेजात त्याचा उल्लेखही नाही. तेही बघत जा.

मला सांगितलंस, बरं केलंस. आता उद्या साहेबांना सांग की तपासणी राहिली होती. रागावतील, रागावू देत. ती पुरी करायला किती वेळ लागेल, तेही तेव्हाच सांग आणि संध्याकाळी मला फोन कर.

तुझी,
आत्या