चुलीचा धूर आणि फुप्फुसातील रक्तवाहिन्या

कणकवली तालुक्यात सह्याद्रीच्या पायथ्याशी वसलेल्या फोंडाघाट परिसरात गॅसची शेगडी अनेक घरांत आली असली, तरी न्हाणीचे पाणी तापवण्यासाठी, भात उकडण्यासाठी आणि सणासुदीच्या मोठ्या स्वयंपाकासाठी चूल अजूनही पेटते. तिच्यात लाकूडफाट्याबरोबर चुडते, नारळाची सोडणे आणि पातेरा जातो, आणि पावसाळ्यात हे सारे सादळलेले असल्यामुळे ते जळण्याऐवजी धुमसत राहते. अशा घरात आयुष्यभर विडीला न शिवलेल्या स्त्रीला पन्नाशीच्या आसपास घाटी चढताना धाप लागू लागली, की ती वयाच्या किंवा अशक्तपणाच्या खाती टाकली जाते. हा समज धोकादायक असून तो सोडणे अत्यंत आवश्यक आहे.

पुण्याच्या चेस्ट रिसर्च फाउंडेशनचे डॉ. संदीप साळवी आणि लंडनचे डॉ. पीटर बार्न्स यांनी २००९ साली ‘द लॅन्सेट’मध्ये लिहिलेल्या लेखात असे मांडले, की सीओपीडी, म्हणजे श्वासमार्ग कायमचे अरुंद करणारा आजार, धूम्रपान न करणाऱ्यांनाही मोठ्या प्रमाणावर होतो आणि लाकूड, शेणी, पालापाचोळा यांचा धूर हे त्याचे जगातील सर्वांत मोठे कारण असू शकते. मात्र धुराची हानी श्वासनलिकांपुरती मर्यादित राहत नाही. ती फुप्फुसातील रक्तवाहिन्यांपर्यंतही पोहोचते.

या रक्तवाहिन्यांच्या आतील बाजूस पेशींचा एकच पातळ थर असतो, त्याला अंतःस्तर म्हणतात. त्या पेशींमध्ये तंतुकणिका, म्हणजेच मायटोकॉन्ड्रिया, ऊर्जा तयार करतात आणि त्यांचा स्वतःचा वेगळा डीएनए असतो. १९८१ साली केंब्रिज येथे त्याची संपूर्ण मांडणी उलगडली गेली, तेव्हा तो सुमारे १६,५६९ घटकजोड्यांचा आणि ३७ जनुकांचा असल्याचे दिसले. पेशीकेंद्रातील डीएनएला हिस्टोन या प्रथिनांभोवती गुंडाळले गेल्याने जे संरक्षण मिळते, ते या डीएनएला नसते. शिवाय ऊर्जानिर्मितीत ऑक्सिजनचे क्रियाशील रेणू जिथे निर्माण होतात, त्याच ठिकाणी तो असतो. शरीरातील प्रतिबंधक विकरे (एन्झाइम) हे रेणू निष्प्रभ करत असतात, पण धुरातील सूक्ष्म कण आणि रसायने या रेणूंचा भार वाढवतात आणि विकरे अपुरी पडतात, तेव्हा त्या स्थितीला ऑक्सिडेटिव्ह ताण म्हणतात. कोलकात्याच्या चित्तरंजन राष्ट्रीय कर्करोग संस्थेतील संशोधकांना जैवइंधनावर स्वयंपाक करणाऱ्या स्त्रियांच्या रक्तात असाच ताण वाढलेला आढळला.

या ताणामुळे तंतुकणिकांच्या डीएनएला इजा झाली, की अंतःस्तर कमकुवत होऊन त्यातून द्रव पाझरू लागतो. तुटलेल्या डीएनएचे तुकडे बाहेर पडून दाह वाढवतात. आणि रक्तवाहिनी सैल ठेवणारा नायट्रिक ऑक्साइड हा वायूही या क्रियाशील रेणूंमुळे नष्ट होतो. वाहिन्या आकसत आणि जाड होत गेल्या, तर हृदयाच्या उजव्या कप्प्यावर दाब येतो व फुप्फुसीय उच्च रक्तदाब निर्माण होऊ शकतो. दंडावर पट्टा बांधून मोजल्या जाणाऱ्या रक्तदाबात तो दिसत नाही.

अमेरिकेतील साउथ अलाबामा विद्यापीठात मार्क गिलेस्पी यांच्या गटाने डीएनए दुरुस्त करणारे ओजीजी-१ हे विकर तंतुकणिकांपर्यंत पोहोचवले, तेव्हा उंदराच्या फुप्फुसातील रक्तवाहिन्यांची हानी कमी झाल्याचे दिसले. हा उपचार अद्याप रुग्णांसाठी उपलब्ध नाही, परंतु डीएनएची दुरुस्ती झाल्यास हानी कमी होऊ शकते, हे त्यातून समजते. पेशीतही दुरुस्तीची यंत्रणा असते आणि रोजची इजा कमी झाली, तर तिला काम करण्यास अवसर मिळू शकतो. क्रियाशील रेणू निष्प्रभ करणाऱ्या अँटिऑक्सिडंट गोळ्यांनी धुराची ही हानी भरून काढता येईल, अशी आशा मात्र बाळगू नये. फिनलंडमध्ये धूम्रपान करणाऱ्या पुरुषांना बीटा-कॅरोटीन हे अँटिऑक्सिडंट देऊन केलेल्या चाचणीत फुप्फुसाचा कर्करोग वाढल्याचे १९९४ साली दिसून आले होते.

म्हणून पहिला उपाय धूर कमी करण्याचा आहे. पाणी तापवण्यासाठी शक्य तिथे सौर बंब किंवा गॅस वापरावा. चूल ठेवावीच लागत असेल तर तिला धुराडे असावे, ती उघड्या पडवीत असावी आणि मिरगापूर्वीच सुके लाकूड आडोशाला रचून ठेवावे. प्लास्टिक आणि काजूची टरफले चुलीत घालू नयेत, तसेच पातेऱ्याच्या व भाजावळीच्या धुरात लहान मुले, गर्भवती आणि वृद्ध यांना थांबू देऊ नये. बंद खोलीतील डासांच्या कॉइलऐवजी मच्छरदाणी वापरावी, कारण एका कॉइलमधून बाहेर पडणारे सूक्ष्म कण ७५ ते १३७ सिगारेटींइतके असू शकतात, असे २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात आढळले. विडी-सिगारेट पूर्णपणे सोडावी.

वाढत जाणारी धाप, घोट्यांवरील सूज, निळसर ओठ, श्रम करताना चक्कर किंवा छातीत दुखणे, यांपैकी काहीही जाणवल्यास वेळ न घालवता जवळचे प्राथमिक आरोग्य केंद्र, कणकवलीचे उपजिल्हा रुग्णालय किंवा ओरोसचे जिल्हा रुग्णालय गाठावे, आणि चूल किती वर्षे फुंकली हे डॉक्टरांना आवर्जून सांगावे. ही माहिती मिळाल्यास स्पायरोमेट्री (श्वासाची क्षमता मोजणारी तपासणी), ऑक्सिजनची पातळी आणि हृदयाची इको तपासणी यांतून आजाराचा माग काढणे सोपे जाते.