महाधमनीच्या झडपेचा संकोच व कॅथेटरद्वारे झडपरोपण

तुळजापूरच्या मंदिराच्या पायऱ्या चढून वर येताना छाती दाटते, डोळ्यांपुढे अंधारी येते, अशी तक्रार घेऊन सत्तरीतील एक शेतकरी आमच्याकडे आले होते. दौर्बल्य समजून आम्ही दोन महिने अर्जुनारिष्ट दिले. स्टेथोस्कोप उरोस्थीच्या उजवीकडे, दुसऱ्या बरगडीखाली ठेवला तो नंतर. तेव्हा मानेपर्यंत जाणारा खरखरीत मर्मर स्पष्ट ऐकू आला. टूडी इकोत महाधमनीची झडप कॅल्शियमने आखडलेली आढळली. ते दोन महिने आम्हास अद्याप बोचतात. अशी लक्षणे उमटल्यावर झडप न बदलल्यास आयुष्य बहुधा दोन ते पाच वर्षांचेच उरते.

चरकोक्त धमनीप्रतिचयाशी या विकृतीचे नाते जोडण्याचा मोह होतो. परंतु लेखन द्रव्यांनी हे कॅल्शियम विरघळते असा पुरावा नाही. तसे आश्वासन देऊन काळ दवडू नये.

पूर्वी झडप छाती उघडूनच बदलत. २००२ साली फ्रान्समधील रुआँ येथे डॉ. आलँ क्रिबिये यांनी ती प्रथमच जांघेतील रक्तवाहिनीतून, कॅथेटरद्वारे बसविली. आरंभी हा मार्ग शस्त्रक्रिया न झेपणाऱ्यांपुरताच होता. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘पार्टनर ३’ अभ्यासात मात्र शस्त्रक्रियेचा धोका कमी असलेले १००० रुग्ण घेतले गेले. सरासरी वय ७३. वर्षभरात मृत्यू, पक्षाघात वा पुन्हा रुग्णालयात भरती यांपैकी काही घडलेले रुग्ण कॅथेटर गटात ८.५ टक्के, तर शस्त्रक्रिया गटात १५.१ टक्के होते. पाच वर्षांनी हे प्रमाण २२.८ व २७.२ टक्के झाले आणि तो फरक संख्याशास्त्रीय कसोटीवर टिकला नाही. तेव्हा ‘बिनटाक्याची झडप सर्वांना उत्तम’ असे रुग्णास सांगू नये. अमेरिकेच्या २०२० च्या मार्गदर्शिकेत साधारणतः पासष्टीच्या आत शस्त्रक्रिया, ऐंशीपुढे कॅथेटर व मधल्या वयात दोहोंचा विचार सांगितला आहे. ऱ्हुमॅटिक तापाने तरुणपणीच बिघडलेल्या मिट्रल झडपेस तर हे निष्कर्ष लागूच नाहीत.

औषधालयमालकांसाठी एक सूचना. झडप बदललेला ग्राहक आल्यास ती कोणती, हे विचारावे. धातूच्या झडपेस, उदा. चित्रा झडपेस, रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्या आजन्म लागतात. (या झडपेचे जनक डॉ. वलियाथन यांनीच पुढे चरक, सुश्रुत व वाग्भट यांवर ग्रंथ लिहिले.) कॅथेटरने बसविलेली झडप प्राण्याच्या ऊतीची असते, तिच्यासाठी अन्य कारण नसल्यास सामान्यतः ॲस्पिरिन पुरते. गोळी कोणतीही असो, गुग्गुळ वा लसणाचे कल्प देण्यापूर्वी तिची चिठ्ठी पाहावी आणि हृद्रोगतज्ज्ञास कळविल्याविना ते सुरू करू नयेत.