मापाचा अतिचार आणि एक परत केलेली पॉवर बँक

गतवर्षी सम्मेदशिखरजीच्या यात्रेस निघण्यापूर्वी आम्ही ऑनलाइन बाजारातून एक पॉवर बँक मागविली. वेष्टनावर २०,००० मिलिअँपिअर-तास हा आकडा ठळक होता, आणि जाहिरातीच्या चित्रात ‘फोन चार वेळा पूर्ण भरेल’ असे आश्वासन होते. आमच्या ५,००० च्या फोनाशी हा हिशेब तंतोतंत जुळला. प्रत्यक्षात अडीच वेळा फोन भरून ती रिकामी झाली!

यातील मर्म व्यापारी बंधूंनी समजून घेण्याजोगे आहे. तो आकडा आतील घटाच्या ३.७ व्होल्ट दाबावर मोजलेला असतो. म्हणजे ऊर्जा ७४ वॅट-तास. हीच ऊर्जा ५ व्होल्टने बाहेर येऊ लागली की आकडा १४,८०० होतो. दाब बदलताना तीतील काही अंश उष्णतेत जातो आणि फोनात शिरताना आणखी काही. प्रत्यक्ष हाती येणारे माप, सुमारे १२,०००, पाठीमागे भिंगाने वाचावे अशा अक्षरांत छापले होते. ठळक आकडा खोटा नव्हता हे कबूल केले पाहिजे. ‘चार वेळा’ मात्र खोटेच होते.

तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात अचौर्याणुव्रताचे पाच अतिचार सांगितले आहेत. त्यांतील हीनाधिकमानोन्मान म्हणजे घेण्याचे माप एक व देण्याचे दुसरे ठेवणे. घटापाशी एक आकडा आणि ग्राहकाच्या हाती दुसरा, याची गणना कोठे करावी हे पंडितांनी ठरवावे. आम्हांस ते याच अतिचाराच्या फार जवळचे वाटते.

आम्ही तिसऱ्याच दिवशी तक्रार केली. ‘बदली मिळेल, पैसे मिळणार नाहीत’ असे उत्तर आले. तक्रार मापाची, आणि बदली म्हणून तेच माप पुन्हा दारी! ती वस्तू तपासून होईतो सात दिवसांची मुदत संपली होती. परंतु २०२० च्या ई-वाणिज्य नियमांनुसार जाहिरातीप्रमाणे नसलेला माल परत घेण्यास वा त्याचे पैसे देण्यास विक्रेत्यास नकार देता येत नाही; तक्रार-अधिकाऱ्याने ४८ तासांत पोच द्यावी व महिन्याभरात निवारण करावे, असेही त्यांत आहे. हा आधार देऊन लिहिताच विसाव्या दिवशी रक्कम जमा झाली. न झाल्यास १९१५ या राष्ट्रीय ग्राहक साहाय्य क्रमांकावर कळविण्याचे आम्ही ठरविले होते.

हे सर्व वाचताना २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यातील आणखी एक कलम दृष्टीस पडले. सदोष माल पावतीवरील मुदतीत, आणि मुदत लिहिली नसल्यास तीस दिवसांत, परत न घेणे ही अनुचित व्यापारी प्रथा होय. आमच्याच पेढीच्या पावतीवर ‘एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही’ हे वाक्य वडिलांच्या काळापासून छापले जात होते. नवी पावतीपुस्तके छापावयास देताना ते गाळले आहे. जुन्या शिल्लक पुस्तकांतील वाक्य मुनीमजी हाताने खोडीत आहेत.