समुद्रतळाची खळबळ आणि ध्वनीची मोजपट्टी

ओसरत्या लाटेत उभे राहिले असता पायाखालची वाळू सरकते, हा अनुभव किनाऱ्यावर गेलेल्या प्रत्येकाने घेतलेला असतो. समुद्राच्या तळावर हेच कार्य अहोरात्र चालू असते. वाहत्या पाण्याने वाळू उचलली, की कोठे बंदराचा जलमार्ग गाळाने भरतो, तर कोठे धक्क्याच्या खांबांखालची जमीन खरवडली जाते. म्हणून तळालगतचे पाणी कसे वाहते, हा प्रश्न केवळ शास्त्रज्ञांचा नाही. सार्वजनिक पैशातून जेट्टी व धूपप्रतिबंधक बंधारे उभारणाऱ्या सर्वांचा तो प्रश्न आहे.

सरासरी फसवी ठरते

१८८३ मध्ये ऑस्बर्न रेनॉल्ड्स यांनी काचेच्या नळीतून वाहणाऱ्या पाण्यात रंगाची बारीक धार सोडली. वेग कमी असताना धार सरळ राहिली. वेग एका मर्यादेपलीकडे जाताच ती विस्कटून नळीभर पसरली. या दुसऱ्या प्रकारास संक्षोभी प्रवाह म्हणतात. समुद्रातील प्रवाह बहुधा याच प्रकारचा असतो. तळावर खडक, शिंपले, प्रवाळ किंवा वाळूच्या वळ्या असल्या, म्हणजे प्रत्येक उंचवट्यामागे भोवरे उठतात. वरचे वेगवान पाणी खाली येते व खालचे मंद पाणी वर जाते.

अशा ठिकाणी सरासरी वेग फसवा ठरतो. समजा, एका जागी पाणी सतत सेकंदाला २० सेंटिमीटर वेगाने वाहते. दुसऱ्या जागी ते अर्धा वेळ १० व अर्धा वेळ ३० सेंटिमीटर वेगाने वाहते. सरासरी दोन्हीकडे सारखीच. परंतु तळावरील दगडगोट्यांवर पडणारी ओढ साधारणतः वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. म्हणजे दुसऱ्या जागी वेग ३० असताना ही ओढ पहिल्या जागेच्या सव्वादोन पट होते. वाळूचा कण उचलला जातो तो त्याच क्षणी.

जी. आय. टेलर यांनी १९१९ मध्ये आयरिश समुद्रात भरती-ओहोटीची किती ऊर्जा तळाच्या घर्षणात खर्ची पडते, याचा हिशेब याच वर्गाच्या नियमाने मांडला. तळालगतच्या वेगातील चढउतारांची प्रत्यक्ष मोजणी मात्र बोडन व फेअरबेर्न यांनी १९५६ मध्ये प्रसिद्ध केली. त्यांचे उपकरण विद्युतचुंबकीय तत्त्वावर चालणारे होते.

ध्वनीने मापन कसे होते?

पाण्यात फिरणारे चक्र बसवून वेग मोजण्याची पद्धत जुनी आहे; परंतु लहान भोवऱ्यांमागे धावण्याइतके ते चक्र चपळ नसते, शिवाय ते स्वतःच प्रवाहात अडथळा आणते. १९९० च्या दशकात प्रचारात आलेल्या ध्वनिक वेगमापकाने ही अडचण बरीच दूर केली. आगगाडी जवळ येताना तिच्या शिटीचा स्वर चढतो आणि दूर जाताना उतरतो. डॉप्लर यांनी १८४२ मध्ये सांगितलेले हेच तत्त्व येथे वापरले जाते.

उपकरण कानांना ऐकू न येणाऱ्या ध्वनीचे स्पंद पाण्यात सोडते. पाण्याबरोबर वाहणाऱ्या सूक्ष्म गाळकणांवरून ते परावर्तित होतात. समुद्राच्या पाण्यात ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे १५०० मीटर असतो. ध्वनीची कंपने सेकंदाला ६० लाख असली आणि कण सेकंदाला १५ सेंटिमीटर वेगाने उपकरणाकडे येत असला, तर सरळ परतणाऱ्या प्रतिध्वनीत अवघ्या १२०० कंपनांची वाढ होते. एवढा सूक्ष्म फरक ओळखण्यासाठी एकापाठोपाठच्या स्पंदांच्या प्रतिध्वनींची तुलना करतात. तीन किंवा चार ग्राहक निरनिराळ्या कोनांतून ऐकत असल्यामुळे वेगाच्या तिन्ही दिशा कळतात. मोजणी होते ती उपकरणापासून काही सेंटिमीटर दूर, बोराएवढ्या जागेत, आणि सेकंदातून अनेक वेळा.

खडबडीत तळाची अडचण

तळाच्या अगदी जवळ गेल्यावर तळाचाच प्रतिध्वनी कणांच्या प्रतिध्वनीत मिसळतो व खोटे आकडे दाखवितो. हवेचे बुडबुडे आले किंवा आधाराची चौकट थरथरली, तरी नोंद बिघडते. उपकरण किंचित कलले, तर आडव्या वेगाचा अंश उभा वेग म्हणून नोंदला जातो. याशिवाय, खडकाच्या माथ्यावरचा प्रवाह आणि त्यामागच्या खळग्यातला प्रवाह यांत मोठी तफावत असते. एकाच जागेच्या नोंदीवरून सर्व तळाचा निष्कर्ष काढणे धोक्याचे आहे.

आपल्याकडे खडकवासला येथील केंद्रीय जल व विद्युत संशोधन केंद्र बंदरे व किनारे यांच्या जलप्रवाहाचा, तर गोव्यातील दोनापावला येथील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था समुद्राचा अभ्यास करते. किनाऱ्यावरील कामाचा एखादा मापन अहवाल हाती आला, तर ग्रामपंचायतीच्या सदस्यांनी व अधिकाऱ्यांनी तीन प्रश्न अवश्य विचारावेत: मोजणी तळापासून किती उंचीवर झाली? किती जागी व किती भरत्या-ओहोट्यांत झाली? सरासरीबरोबर चढउतारही दिले आहेत काय? या प्रश्नांची उत्तरे मिळाल्याखेरीज बांधकामाचा आराखडा पक्का करू नये. वाळू सरासरी वेगाची वाट पाहत नाही. एका जोरदार क्षणी ती जागा सोडते.