गल्लीत जीपीएस का भरकटते?

प्रश्न : बनारसला संकठा घाटाजवळच्या गल्ल्यांतून सायकल नेली, तर फेरी नोंदवणाऱ्या स्ट्राव्हा अ‍ॅपवरची रेघ चक्क घरांवरून गेलेली दिसते. फोन बिघडला का?

उत्तर : नाही. मोकळ्या आकाशाखालीही साध्या स्मार्टफोनचे जीपीएस सुमारे ५ मीटर इकडेतिकडे होते. इथल्या कित्येक गल्ल्या त्याहून अरुंद. त्यात उपग्रहांचे संकेत उंच भिंतींवर आपटून उशिरा पोहोचतात आणि ठिकाण सरकते.

शेजारीच बायजाबाई शिंदे यांनी १८३०च्या सुमारास बांधवलेला सिंधिया घाट आहे. तिथे आकाश मोकळे मिळते. मिनिटभर थांबून, जीपीएस स्थिरावल्यावरच नोंद सुरू करावी. बॅटरी सेव्हर बंद ठेवावा. ऑसमअँड या नकाशाच्या अ‍ॅपमध्ये नकाशा आधीच उतरवून घेतला, तर इंटरनेटशिवायही वाट सापडते.

घाटाच्या पायऱ्या मात्र, अ‍ॅप काहीही सांगो, सायकल हातात धरूनच उतराव्यात.