कारभारी बदलला तेव्हा

बंगळूरच्या वायव्येस पीण्या औद्योगिक क्षेत्र आहे. 1970 च्या दशकात आकाराला आलेल्या या वसाहतीत सुटे भाग, साचे आणि यंत्रे घडविणारे हजारो लघुउद्योग दाटीवाटीने वसले आहेत. तेथील अनेक लेथ आता संगणकाच्या आज्ञेवर चालतात. बिले आणि चलनेही संगणकावरच तयार होतात.

14 ऑक्टोबर 2025 रोजी मायक्रोसॉफ्ट कंपनीने विंडोज 10 या प्रणालीला दिले जाणारे नियमित साहाय्य थांबविले. पुढची प्रणाली, विंडोज 11, बऱ्याच जुन्या संगणकांवर बसत नाही. चांगला चालणारा संगणक टाकून नवा घेणे छोट्या कारखानदाराला जड जाते. अशा वेळी काही जण लिनक्सकडे वळतात.

समजा, निपाणीकडून आलेला एक तरुण अशा कारखान्याच्या स्टोअरमध्ये काम करतो. सोमवारी सकाळी तो संगणकापुढे बसतो, तर पडदाच अनोळखी! नेहमीची चिन्हे नाहीत, ‘सी’ आणि ‘डी’ ही ओळखीची नावेही नाहीत. दाराशी टेम्पो उभा आहे आणि डिलिव्हरी चलन अजून छापायचे आहे. आपल्याला हे जमले नाही, तर आपले काम दुसऱ्याला देतील, ही त्याची पहिली भीती असते.

त्याला शिकविणाऱ्याने येथे व्याख्या सांगत बसू नये. आधी चलन छापून द्यावे आणि टेम्पो रवाना करावा.

मग सांगावे, की प्रणाली म्हणजे यंत्र आणि माणूस यांच्यामधला कारभारी. फाइली जपणे, छपाईयंत्राला निरोप देणे, प्रत्येक कामाला स्मृतीत जागा देणे हा त्याचा व्यवसाय. कारभारी बदलला म्हणून वाड्यातले सामान बदलत नाही; ते ठेवण्याच्या जागा मात्र बदलतात. येथे तरुणाच्या फाइली ‘होम’ नावाच्या घरात असतात. इंग्रजी नावातील मोठे आणि लहान अक्षर हा कारभारी वेगवेगळे मानतो. एवढ्याशा फरकाने फाइल सापडेनाशी होते. नवा प्रोग्रॅम बसविताना तो परवलीचा शब्द विचारतो. हा अविश्वास नव्हे, पहारा आहे.

लिनक्सचा गाभा 1991 साली फिनलंडमधील लिनस टॉरवाल्ड्स या विद्यार्थ्याने लिहिला. रिचर्ड स्टॉलमन यांनी 1983 साली घोषित केलेल्या ग्नू प्रकल्पातील साधने त्याला जोडली गेली. ही प्रणाली कोणीही वापरावी, तपासावी, बदलावी, वाटावी, अशी तिची परवानगी आहे. पीण्याच्या शेजारी, जालहळ्ळीला, भारत इलेक्ट्रॉनिक्सचा कारखाना आहे. या कंपनीने तयार केलेला ‘सिंप्युटर’ हा हातात मावणारा संगणक 2004 साली बाजारात आला, तो लिनक्सवरच चालत असे. तो टिकला नाही, ही गोष्ट वेगळी.

बदल करण्यापूर्वी मात्र सावध असावे. प्रणाली नव्याने बसविताना डिस्क पुसली जाऊ शकते; म्हणून ग्राहकांची रेखाचित्रे आणि हिशेब आधी दुसरीकडे उतरवून ठेवावेत. पेनड्राइव्हवरून लिनक्स तात्पुरते चालवून पाहता येते. गती थोडी मंद असते, पण छपाईयंत्र ओळखले जाते की नाही, हे तेव्हाच कळते. लेथला द्यावयाचा जी-कोड ही साधी अक्षरांची फाइल असल्याने ती दोन्हीकडे उघडते. ‘टॅली’सारखा हिशेबाचा प्रोग्रॅम मात्र विंडोजसाठी लिहिलेला आहे. त्या कामासाठी एक संगणक विंडोजवर ठेवणेच शहाणपणाचे; येथे हट्ट उपयोगाचा नाही.

आठवड्याभरात त्या तरुणाचा हात बसतो. मग त्याला इन्स्क्रिप्ट कळफलक दाखवावा. त्यात मराठी ‘क’ ज्या कळीवर आहे, त्याच कळीवर कन्नड ‘क’ आहे. गावी पत्र लिहिताना आणि शेजारच्या कन्नड सहकाऱ्याची सूचना टंकलिखित करताना त्याची बोटे एकाच जागी जातात.